टच वॉलवर बोट उचललं तरी चित्र फिरतच राहतं: नोड वाढवून मागण्याआधी हे तपासा

हे लिहायला बसले कारण गेल्या दीड वर्षात हा एकच प्रॉब्लेम मी चार वेळा ‘सोडवला’, आणि पाचव्यांदा तो परत आला तेव्हा लक्षात आलं की आपण तो एकदाही सोडवलेला नव्हता, नुसतं रिस्टार्ट करून देवाला हात जोडत होतो. तुमच्याकडे मोठी टच स्क्रीन असेल, मागे क्लस्टर (एकत्र काम करणारे बरेच कॉम्प्युटर, त्यातला एकेक म्हणजे नोड) असेल, आणि ‘एकट्याने बघितलं की मस्त चालतं, पाहुणे आले की माती खातं’ अशी तक्रार असेल तर पुढचं वाचा, दोन आठवडे तरी वाचतील.

आधी सेटअप सांगते. पुण्यातली एक लॅब, भिंतीवर ८४ इंची फोर-के स्क्रीन, तिच्याभोवती इन्फ्रारेड टचची चौकट, आणि खाली टेबलाखाली एक साधा पीसी. खरं काम होतं दुसऱ्या बिल्डिंगमधल्या क्लस्टरवर, तिथे पॅराव्ह्यू या डेटाची चित्रं काढणाऱ्या प्रोग्रॅमचा सर्व्हर भाग, पीव्हीसर्व्हर, चार नोडवर चालतो, प्रत्येक नोडला चार ग्राफिक्स कार्डं, म्हणजे सोळा रँक, एका कार्डामागे एक प्रोसेस. तयार चित्र नेटवर्कवरून भिंतीवर येतं. डेटा आहे निसर्ग चक्रीवादळाचा, तेच जे ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. डब्ल्यूआरएफ या हवामानाच्या मॉडेलमध्ये एक किलोमीटरच्या जाळीवर चालवलेला रन आहे, १५०० गुणिले १५०० गुणिले ५० बिंदू, म्हणजे सव्वाअकरा कोटी. एका व्हेरिएबलला ४५० एमबी, आम्ही दहा व्हेरिएबल ठेवलीत म्हणजे एका टाइमस्टेपला साडेचार जीबी, दर दहा मिनिटांचं आउटपुट आणि ४८ तास, म्हणजे २८९ स्टेप, गुणाकार करा, १.३ टीबी. हे पीसीवर उघडत नाही म्हणून क्लस्टर. आणि ढगांच्या आत बोटाने शिरून बघता यावं म्हणून टच.

बोटं वाचायला आमच्याच लॅबमध्ये कुणीतरी पायथॉनमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम आहे, मी त्याला पूल म्हणते. टचची चौकट टीयूआयओ प्रोटोकॉलने बोटांची माहिती पाठवते, यूडीपीवर (पाकीट पाठवून मोकळं व्हायचं, पोचलं का ते बघायचं नाही अशी पद्धत), पोर्ट ३३३३, पूल ती घेतो आणि पॅराव्ह्यूचा कॅमेरा फिरवतो. लिहिणारा मुलगा पीएचडी संपवून परदेशी गेला, कॉमेंट एकही नाही. असो.

आता तक्रार. सकाळी सगळं चालू केलं, एकदम लोण्यासारखं. दुपारी कॉलेजची पोरं आली, डेमो सुरू झाला, पाच मिनिटांत भिंत वेड्यासारखी वागायला लागली, वादळ आपोआप गरगरतंय, मग थांबतं, मग उलटं फिरतं, मग सगळं फ्रीझ. आमचा ज्युनियर घाम पुसत माझ्या टेबलाशी, “ताई, वादळाला भूत लागलंय.” मी जायची, रिस्टार्ट करायची, पुन्हा लोण्यासारखं. पाहुणे चहाला गेलेले.

सर म्हणाले नोड वाढवून घ्या. घेतले, चाराचे आठ केले. फरक शून्य, उलट आठ नोडचा जॉब स्लर्मच्या (क्लस्टरवरच्या कामांना पाळी देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) रांगेत तासभर ताटकळायला लागला आणि डेमोची वेळ गाठता येईना. पुण्यात १९९१ पासून, परम ८००० च्या काळापासून, सुपरकॉम्प्युटरचं कौतुक आहे, त्यामुळे काहीही अडलं की मशीन कमी पडतंय असंच सगळ्यांच्या तोंडात येतं. माझ्याही आलं होतं.

तर आता मी कुणी तक्रार केली की पहिली गोष्ट एकच करते. भिंतीच्या पीसीला माऊस लावते. तोच सीन, तोच सर्व्हर, तीच स्क्रीन, फक्त बोटाऐवजी माऊस. पुलाच्या वाटेने नाही, थेट पॅराव्ह्यूच्या खिडकीत. माऊसने पण रखडत असेल तर दुखणं सर्व्हर किंवा नेटवर्कमध्ये, माऊसने बरं चालत असेल तर दुखणं बोट आणि पॅराव्ह्यू यांच्या मधल्या कशाततरी. ही दोन मिनिटांची टेस्ट मी दीड वर्ष केली नव्हती. म्हणजे माऊसने तपासत होते, नेहमीच, पण माझ्या टेबलवरून रिमोट डेस्कटॉपने, आणि माऊसने चालतंय म्हणजे सगळं चालतंय असं म्हणून मोकळी होत होते. दोन्हीची तुलना कधी केलीच नाही.

माऊस झाला की बोट लावून नीट बघायचं की नेमकं काय होतंय, कारण लोक सगळ्यालाच ‘हँग झालं’ म्हणतात. बोट उचलल्यावरही फिरत राहतं का? बोट लावलेलंच नसताना फिरतं का? की काही केल्या हलतच नाही? या तीन वेगळ्या भानगडी आहेत, आणि आमच्याकडे नशिबाने तिन्ही एकाच वेळेला यायच्या, दुपारी चार ते पाच, म्हणून मला वाटायचं एकच रोग आहे. एक सुधारला की दुसरा तोंड वर काढायचा आणि मला वाटायचं पहिलाच परत आला.

पहिली भानगड मोठी आहे, तिथेच सगळा वेळ गेला.

एका शनिवारी लॅबमध्ये कुणी नसताना मी ढग चालू केले, एक बोट ठेवलं, साधारण एक सेकंद डावीकडून उजवीकडे ओढलं आणि उचललं, हातात फोनचा स्टॉपवॉच. वादळ फिरायला लागलं. बोट वर. वादळ फिरतंय. मी खुर्चीवर बसले. वादळ फिरतंय. अकरा सेकंदांनी थांबलं, आणि थांबलं ते बरोब्बर तिथेच जिथे माझं बोट उचललं गेलं होतं. म्हणजे भूतबित काही नाही, माझीच आज्ञा ते इमानेइतबारे पाळत होतं, फक्त अकरा सेकंद उशिरा. दोन बोटांनी केलं तर तेवीस सेकंद.

हिशोब मग सरळ होता. आमची चौकट एका बोटाच्या दर सेकंदाला साधारण १०० जागा पाठवते. पूल प्रत्येक जागेला कॅमेरा हलवून एक पूर्ण रेंडर, म्हणजे नव्याने काढलेलं चित्र, मागतो आणि ते येईपर्यंत थांबतो. ढगांचं एक रेंडर भिंतीपर्यंत पोचायला १२० मिलिसेकंद. शंभर गुणिले १२०, बारा सेकंद, त्यातला एक सेकंद बोट खाली होतं, उरले अकरा. रेशनच्या रांगेत एक माणूस पुढे सरकेपर्यंत मागे बारा येऊन उभे राहतायत, अशी रांग. आता अशा रांगेवर आठ पोरं दोन्ही हातांनी तुटून पडली की काय होणार! एकाने डावीकडे ओढलेलं अर्ध्या मिनिटाने दिसतं, तोवर दुसरा उजवीकडे ओढतोय, तिसरा काहीच होत नाही म्हणून काचेवर थापा मारतोय, त्या थापाही रांगेत जातायत.

मग माऊसने का चालत होतं? कारण पॅराव्ह्यू क्यूटी या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीवर बनलंय, आणि लिनक्सच्या एक्स-इलेव्हन या स्क्रीन-माऊस सांभाळणाऱ्या भागावर क्यूटी माऊसचे हे ‘सरकला, सरकला, सरकला’ निरोप आपणहून एकत्र करतं, प्रोग्रॅम कामात असेल तर मधले टाकून शेवटचाच पुढे देतं. टचच्या निरोपांचंही करतं खरं, पण ते क्यूटीतून आले तर. आमचा पूल क्यूटीला बायपास करून थेट यूडीपीतून उचलत होता, तिथे एकत्र करणारं कुणी नव्हतं.

आणि रिस्टार्टनंतर का चालायचं? हे कळलं तेव्हा मी खरंच कपाळावर हात मारला. रिस्टार्ट केलं की जो सीन उघडतो त्यात फक्त कोकणाची किनारपट्टी आणि समदाब रेषा असतात, वजनाला हलका. पॅराव्ह्यूत एक सेटिंग आहे, रिमोट रेंडर थ्रेशोल्ड, डिफॉल्ट २० एमबी, भूमिती, म्हणजे काढायच्या आकारांचा डेटा, त्याच्यापेक्षा कमी असेल तर ती सरळ तुमच्या पीसीवर पाठवून तिथेच काढली जाते, क्लस्टरचा संबंधच नाही. म्हणून लोणी. डेमो देणारा ढगांचा बटण दाबतो, ४५० एमबीचा व्हॉल्यूम येतो, तेव्हा काम क्लस्टरकडे जातं आणि नेटवर्कची वारी सुरू होते. मी रिस्टार्ट करून किनारपट्टी फिरवून ‘झालं बघ’ म्हणून निघून जायची.

आता यावरचा उपाय. वाचायला सोपा आहे, करताना मी तीनदा चुकले, त्या चुकाच जास्त कामाच्या आहेत.

उपाय असा की बोट वाचणं आणि चित्र मागणं वेगळं करायचं. एक धागा (थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचा स्वतंत्र चालणारा भाग) फक्त बोटं वाचतो आणि ‘आत्ता कुठलं बोट कुठे आहे’ एवढंच एका जागी लिहून ठेवतो, नवीन आलं की जुनं खोडून त्यावर लिहायचं, साठवायचं नाही. दुसरा धागा मागचं चित्र भिंतीवर पोचलं की त्या जागेवर काय लिहिलंय ते बघतो, कॅमेरा तिथे नेतो, पुढचं चित्र मागतो. बोटाने सेकंदाला शंभर वेळा निरोप दिला तरी चित्रं आठच मागितली जातील, पण प्रत्येक चित्र आत्ताचं असेल.

पहिली चूक, मी मधले निरोप टाकले आणि वादळ बोटाखालून निसटायला लागलं. हातभर ओढलं की वीतभर फिरायचं. कारण जुना कोड ‘मागच्यापेक्षा एवढं सरकला’ असा फरक मोजून कॅमेऱ्यात भर घालत होता, मी मधले टाकले म्हणजे त्यांचे फरकही टाकले. फरक मोजायचाच नाही. बोट पहिल्यांदा टेकलं तेव्हा कॅमेरा कुठे होता ते धरून ठेवायचं, आणि बोट तिथून आत्तापर्यंत एकूण किती गेलं त्यावरून कॅमेरा काढायचा. मग मधले किती का गळेनात.

दुसरी चूक त्याहून वाईट. सगळेच निरोप एका मापाने मोजले, म्हणजे ‘बोट टेकलं’ आणि ‘बोट उचललं’ हेही कधीकधी खोडले गेले. उचलल्याचा निरोप गेला की प्रोग्रॅमच्या दृष्टीने ते बोट काचेवर चिकटलेलंच, मग पुढचं एक बोट ठेवलं की त्याला वाटतं दोन आहेत, फिरवायच्या ऐवजी झूम. सरकण्याचे निरोप टाका हवे तेवढे, टेकण्या-उचलण्याचा एकही टाकू नका.

त्यातून टीयूआयओची एक गंमत कळली जी आधीच माहीत असायला हवी होती. टीयूआयओत ‘बोट उचललं’ असा वेगळा निरोप नसतोच. प्रत्येक वेळेस ‘अलाइव्ह’ नावाची यादी येते, आत्ता काचेवर असलेल्या बोटांचे नंबर, आणि यादीतून नंबर गायब झाला म्हणजे बोट उचललं, हे आपण समजून घ्यायचं. हजेरीपट असतो ना, तसंच. यूडीपीवर पाकिटं गळतात म्हणूनच तसं ठेवलंय, एक यादी हरवली तरी पुढच्या यादीत खरं काय ते कळतंच. आमचा पूल ती यादी फक्त त्यात नवा नंबर आला तरच वाचत होता. रिकामी यादी आली की ‘यात काही नाही’ म्हणून सोडून द्यायचा. रिकामी म्हणजेच सगळे हात उचलले, तीच तर महत्त्वाची! सोबत एफसेक नावाचा फ्रेमचा नंबरही येतो, तो आधीच्यापेक्षा लहान असेल तर ते पाकीट उशिरा आलेलं शिळं आहे, सरळ फेकायचं.

तिसरी चूक रेंडरिंगची. रांग गेली पण चित्रं सेकंदाला आठच, तुटक दिसतं. फोर-के चित्र म्हणजे ३८४० गुणिले २१६०, त्र्याऐंशी लाख पिक्सेल, तीन बाइटप्रमाणे साधारण २५ एमबी. गिगाबिटच्या वायरमधून सेकंदाला कागदावर १२५ एमबी जातात, म्हणजे नुसतं पाठवायलाच सेकंदाला पाच चित्रं, कॉम्प्रेशनमुळे ती आठ झाली होती एवढंच. तुम्ही कितीही नोड लावा, शेवटी सगळं या एका नळातूनच यायचंय. म्हणून ओढत असताना चित्र लहान मागवायचं. पॅराव्ह्यूच्या रेंडर व्ह्यू सेटिंगमध्ये हलतानाच्या चित्राचा रिडक्शन फॅक्टर असतो, आम्ही तीन ठेवला, म्हणजे १२८० गुणिले ७२०, नवव्या हिश्शाचे पिक्सेल. हलत्या चित्रात डोळ्याला धूसरपणा फारसा कळत नाही. १२० चे ४५ मिलिसेकंद झाले.

पण बोट उचललं की लगेच पूर्ण फोर-के चित्र, ओढतानाच्या चित्रापेक्षा जास्त बारकाईने काढलेलं, मागितलं जायचं, आमच्या ढगांना त्याला पाऊण सेकंद लागतो, आणि एकदा सुरू झालेलं रेंडर मध्येच थांबवता येत नाही. माणूस ओढतो, उचलतो, लगेच दुसऱ्यांदा ओढतो, टेबलावरची चादर सरळ करतो तसं, आणि दुसऱ्या ओढीला पाऊण सेकंद काही हलत नाही. हे चूक आहे हे मला कळलंच नव्हतं, ज्युनियरने दाखवलं, “ताई, पहिलं ओढणं मस्त, दुसरं अडकतं.” उचलल्यानंतर ३०० मिलिसेकंद थांबून मग पूर्ण चित्र मागायला लावलं, अडकणं गेलं.

नोड आठाचे परत चार केले, तेही सांगून ठेवते. सरांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आणि एक जुगाड, ज्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. ओढत असताना किनारपट्टीची रेघ आणि डेटाभोवतीचा चौकोनी खोका भिंतीच्या पीसीवरच काढायचा, लगेच, बोटाबरोबर. ढग मागून येतात तेव्हा येऊ देत. बोटाला चिकटून काहीतरी हललं की माणसाला ‘माझ्या हातात आहे’ असं वाटतं. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने एक डेमो दाखवला होता, १०० मिलिसेकंदांपासून १ मिलिसेकंदापर्यंत उशीर कमी करत नेला की बोटाखालचा ठोकळा कसा हळूहळू बोटाला येऊन चिकटतो त्याचा. हिशोब करा ना, बोट सेकंदाला तीस सेंटिमीटर जात असेल तर १०० मिलिसेकंदांत चित्र तीन सेंटिमीटर मागे पडतं. ८४ इंची भिंतीवर ते लांबून पण दिसतं.

उशीर मोजायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. फोनचा स्लो-मोशन व्हिडिओ, सेकंदाला २४० चित्रांचा, बोट आणि स्क्रीन दोन्ही येतील असा घ्यायचा, मग एकेक चित्र पुढे सरकवत बोट हललं तिथपासून स्क्रीन हलली तिथपर्यंत मोजायचं. एक चित्र म्हणजे चार मिलिसेकंद आणि थोडं वर. आमचे ढग आता २७ चित्रांनी हलतात, म्हणजे ११२ मिलिसेकंद. आधी मोजायचा प्रश्नच नव्हता.

दुसरी भानगड, बोट न लावता फिरणं. यातलं अर्धं त्या चिकटलेल्या बोटांचं होतं, ते वर आलं. उरलेलं अर्धं सूर्याचं. खरंच सूर्याचं! इन्फ्रारेड चौकटीत एका कडेला बारके एलईडी आणि समोरच्या कडेला सेन्सर असतात, बोट मध्ये आलं की किरण अडतो, त्यावरून जागा कळते. आमची पश्चिमेची खिडकी, चार वाजले की ऊन तिरकं आत येतं आणि चौकटीच्या उजव्या कडेवर पडतं, उन्हात इन्फ्रारेड भरपूर, सेन्सरचे डोळे दिपतात आणि नाही ती बोटं दिसायला लागतात. मी महिनाभर ड्रायव्हर बदलत बसले होते. शेवटी सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, “मॅडम, पडदा लावला की गप होतंय ते.” त्यांना सहा महिने आधीपासून माहीत होतं, कुणी विचारलं नव्हतं.

तपासायचं असेल तर टचचे निरोप फाइलमध्ये लिहून घ्या, अर्धा तास, खोली रिकामी ठेवून. एकाच कडेजवळ, क्षणभर येऊन जाणारी बोटं दिसली की ऊन किंवा धूळ. धुळीला कोरडं फडकं, उन्हाला जाड पडदा. आम्ही वर एक चाळणीपण लावली, ५० मिलिसेकंदांपेक्षा कमी टिकलेलं बोट मोजायचंच नाही. त्यापेक्षा जास्त ठेवू नका, टचकन टॅप करणाऱ्याचं खरं बोटसुद्धा गळतं. आणि या चौकटीला स्पर्श लागत नाही, काचेच्या काही मिलिमीटर वरच किरण अडतो, म्हणून सैल बाही, ओढणी, आयडी कार्डाची दोरी ही सगळी तिच्या दृष्टीने बोटंच. डेमो देणाऱ्याला बाह्या वर करायला सांगा.

तिसरी, काही केल्या हलत नाही. ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात लाज आणणारी. आमचा जॉब चार तासांचा मागितलेला असायचा, दुपारी बाराला सुरू केला की चारला वेळ संपते, स्लर्म जॉब मारतो, पीव्हीसर्व्हर जातो, भिंतीवर शेवटचं चित्र तसंच गोठून राहतं आणि पोरं त्यावर बोटं घासत बसतात. दुपारची वेळ धरून जॉब मागा, आणि भिंतीच्या कोपऱ्यात किती मिनिटं उरलीत ते लिहून ठेवा. वेळ शिल्लक असूनही तुटत असेल तर बोगदा बघा. कॉम्प्युट नोड बाहेरून दिसत नाही म्हणून आपण लॉगिन नोडवरून (क्लस्टरचं बाहेरून दिसणारं दार) एसएसएचचा बोगदा, म्हणजे सुरक्षित जोडणीतून आतपर्यंतची वाट, काढतो, पॅराव्ह्यूचं नेहमीचं पोर्ट ११११११ नाही, एक कमी, पाच वेळा एक, ११११ च्या पुढे अजून एक. हे पोर्ट चुकीचं टाइप करून मी एक दुपार घालवलीये म्हणून अक्षरशः मोजून सांगतेय, १११११. जेवायच्या सुट्टीत कुणी हात लावला नाही की मधली फायरवॉल ‘इथे कुणी नाही’ म्हणून तो बोगदा बंद करते, एसएसएचला दर मिनिटाला एक रिकामा निरोप पाठवायला लावा, सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल नावाचं सेटिंग आहे, ६० ठेवा. आणि जोडतानाच नकार येत असेल तर आधी दोन्हीकडची पॅराव्ह्यूची व्हर्जन बघा, पीसीवर कुणीतरी उत्साहाने अपडेट केलेलं असतं, सर्व्हर जुनाच.

माऊसने पण रखडत असेल त्यांच्यासाठी थोडंसं. पॅराव्ह्यूत हेल्पमध्ये अबाउट उघडा, कनेक्शनच्या टॅबमध्ये सर्व्हरवर चित्र कोण काढतंय त्याचं नाव दिसतं. तिथे एलएलव्हीएमपाइप लिहिलं असेल तर तुमची महागडी कार्डं झोपलेली आहेत आणि सगळं प्रोसेसर काढतोय. कार्डाचं नाव असेल तर नोडवर जाऊन एनव्हीडिया-एसएमआय चालवा, कुठलं कार्ड किती राबतंय ते कळतं, आमच्या चारांपैकी एकच कार्ड राबत होतं, बाकी तीन शून्यावर, कारण चारही रँक पहिल्याच कार्डाला जाऊन चिकटल्या होत्या. कुठल्या रँकने कुठलं कार्ड घ्यायचं ते सुरू करताना सांगावं लागतं.

आणि डेटा खरंच वाटला गेलाय का ते बघा. कुठलाही सीन घेऊन त्याला प्रोसेस आयडीने रंग द्या, जितक्या रँक तितके पट्टे दिसायला हवेत. आम्हाला सगळं वादळ एकाच निळ्या रंगात दिसलं. कन्व्हर्ट करताना कुणीतरी एकच मोठी व्हीटीयू (पॅराव्ह्यू वाचतं त्या प्रकारची) फाइल केली होती, ती पहिल्या रँकने एकटीने उघडली आणि बाकी पंधरा जणी हाताची घडी घालून बसल्या. तुकड्यांची पीव्हीटीयू करून घ्या, नाहीतर निदान वाचल्यावर डेटा परत वाटणारा फिल्टर लावा.

दोन बोटांनी वळवायचं की झूम करायचं की तिरकं करायचं, हा वाद मात्र आमच्याकडे मिटलेला नाही. त्रिमितीत सरकवणं तीन दिशांचं, फिरवणं तीन दिशांचं, वर आकार, अशा सात प्रकारच्या हालचाली एका सपाट काचेवरून करायच्या म्हणजे ओढाताण होणारच. २०१० मध्ये लिंग्युन यू, टोबियास इझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेटाभोवती एक चौकट ठेवून, बोट कुठल्या कडेवर टेकलं त्यावरून काय करायचं ते ठरवायचं अशी पद्धत मांडली होती. आम्ही त्यातलं निम्मं उचललं, कडेवरून ओढलं की फक्त फिरणं, मध्ये ओढलं की सरकणं. पोरांना दोन मिनिटांत कळतं, प्राध्यापकांना जरा वेळ लागतो.

अजून कुणाचं अडलं तर विचारा, पण नुसतं ‘हँग होतंय’ लिहू नका. माऊसने काय झालं, बोट उचलल्यावर किती सेकंद फिरलं, अबाउटमध्ये कुणाचं नाव आहे, आणि खिडकी कुठल्या दिशेला आहे, एवढं लिहा.

एक राहिलं. परवा सकाळी आले तर वादळ पूर्ण उलटं, खालून समुद्र दिसतोय. लॉग बघितला, पहाटे तीनला वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बोट टेकलंय, चाळीस मिनिटं तिथेच, मधूनमधून झटकन वीतभर सरकतंय, परत स्थिर. ऊन नाही, धूळ नाही, माणूस नाही. स्क्रीन रात्री कोमट असते, तिच्या उजेडाला किडे येतात, आणि किड्यांमागे पाल. मोठ्या आकाराचा स्पर्श गाळायचा म्हणलं तर पाल आणि तळहात साधारण सारख्याच मापात येतात. सध्या चौकटीची यूएसबी टायमरवर टाकलीये, रात्री नऊला बंद.